गिरणाकाठचा व्हॉट्सॲप ग्रुप आणि पोलीस ठाण्यातून आलेला फोन: एक प्रकरण अभ्यास

या प्रकरणातील माणसांची, गावाची, तालुक्याची आणि ठाण्याची नावे काढून टाकली आहेत. ओळख पटेल असे काही तपशील थोडे बदलले आहेत. निर्णयांचा क्रम आणि त्यामागची कारणे मात्र घडली तशीच ठेवली आहेत.

पार्श्वभूमी

गिरणा नाशिक जिल्ह्यातून जळगाव जिल्ह्यात उतरते आणि चाळीसगाव, भडगाव, पाचोरा, एरंडोल असे तालुके ओलांडत तापीला मिळते. काठच्या विहिरींचे पाणी पात्रातल्या वाळूवर टिकून असते. वाळू उपसली की पात्र खोल जाते आणि विहिरींची पातळीही त्याच्या मागोमाग उतरते. काठावर कपाशी किंवा लिंबू लावणाऱ्या कोणालाही हे समजावून सांगावे लागत नाही.

एका गावात रात्रीच्या वाळू उपशाविरुद्ध काही शेतकऱ्यांनी एकत्र येऊन व्हॉट्सॲप ग्रुप काढला. तो चालवणारा तिशीतला तरुण होता. कृषी सेवा केंद्रात नोकरी करायचा, माहिती अधिकाराचे अर्ज लिहायचा, गावात सगळे त्याला भाऊ म्हणायचे. ग्रुपमध्ये 300हून अधिक माणसे होती. गावचा ग्रुप म्हटल्यावर त्यात ट्रॅक्टर-डंपरवाल्यांचे भाऊबंदही होतेच. कोणाला घ्यायचे आणि कोणाला नाही, हा प्रश्न तेव्हा कोणी विचारला नव्हता.

माहिती दोन माणसांकडून यायची. एक साठी ओलांडलेले शेतकरी, ज्यांचे शेत थेट पात्राला लागून आहे. त्यांना इथे आप्पा म्हणतो. दुसरा माणूस स्वतः वाळूच्या ट्रॅक्टरवर चालक होता. तो ग्रुपमध्ये नव्हता. भाऊच्या खासगी नंबरवर तो गाडी कधी निघणार, कुठल्या वाटेने जाणार, हे कळवायचा. पहिल्याच भेटीत त्याने सांगितले होते, “भाऊ, मनं नाव कोठेच येवाले नको.” या प्रकरणात राखायची गोष्ट ही एवढीच होती. फोन भाऊचा होता, पण त्यातला जीव दुसऱ्याचा होता.

आमच्याकडे हे प्रकरण आले ते ठाण्यातून फोन आल्यानंतर. आम्ही म्हणजे तालुक्याच्या ठिकाणी माहिती अधिकार आणि मोबाइल सुरक्षिततेबाबत लोकांना मदत करणारी चार-पाच माणसे, त्यातले एक वकील.

अडचण कशी वाढत गेली

सुरुवात एका फोटोपासून झाली. आप्पांनी रात्री पात्रातल्या डंपरचा फोटो काढला, तोही ‘जीपीएस मॅप कॅमेरा’ ॲपने. हे ॲप आता गावागावात आहे. घरकुलाचा हप्ता असो की रोजगार हमीचे काम, फोटोवर तारीख, वेळ, अक्षांश-रेखांश असल्याशिवाय सरकारी माणूस पुढे सरकत नाही. त्यामुळे पुरावा म्हणजे जीपीएसचा फोटो, हे लोकांच्या मनात पक्के बसले आहे. आप्पांनी फोटो ग्रुपवर टाकायला नको म्हणून भाऊला खासगीत पाठवला. भाऊने तो स्वतःच्या नावाने ग्रुपवर टाकला आणि खाली डंपरमालकाला ‘वाळूचोर’ म्हटले.

आप्पांचे नाव कुठेच नव्हते. पण फोटोवर छापलेले अक्षांश-रेखांश डंपर जिथे उभा असतो तिथले नसतात, फोटो काढणारा जिथे उभा असतो तिथले असतात. उघड्या आकाशाखाली फोनचे जीपीएस साधारण 5 मीटरपर्यंत अचूक असते. ते आकडे नकाशात टाकले की बांध सापडतो. गावचा भूनकाशा ऑनलाइन आहे, त्यावरून गट नंबर मिळतो, आणि गट नंबरवरून विनास्वाक्षरीत सातबारा कोणालाही पाहता येतो. सातबाऱ्यावर आप्पांचे नाव. दोनच दिवसांत त्यांच्या विहिरीवरची मोटारीची केबल कापली गेली. आप्पांनी तक्रार दिली नाही.

व्हॉट्सॲपवर फोटो नेहमीच्या पद्धतीने पाठवला तर त्यातली लपलेली स्थानमाहिती गळून पडते, हे भाऊला माहीत होते आणि त्यावर त्याचा भरवसा होता. ते खरेही आहे. तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर ती माहिती तशीच राहते. पण इथे स्थान फोटोच्या आत लपलेले नव्हतेच. ते फोटोवर मोठ्या अक्षरांत छापलेले होते.

दुसरी गोष्ट तहसीलला द्यायच्या तक्रारीची. अर्ज द्यायच्या आदल्या संध्याकाळीच समोरच्यांना अर्जात काय लिहिले आहे ते कळले होते. दुसऱ्या दिवशी चौकात एकाने भाऊला त्यातले वाक्य जसेच्या तसे ऐकवले. ग्रुपमध्ये लगेच सुरू झाले, फोन टॅप व्हई ऱ्हायना, म्हणजे फोन टॅप होतो आहे. काहींनी सिम बदलायचे ठरवले, एकाने तर साधा बटणांचा फोन विकत घेतला.

मग ठाण्यातून हवालदारांचा फोन आला. “तुमच्याविरुद्ध अर्ज आहे. उद्या 11 वाजता या. मोबाइल सोबत आणा, लॉक काढून.”

काय करता आले असते

त्या रात्री आम्ही बसलो तेव्हा प्रत्येकाकडे वेगळा सल्ला होता. चारही मार्ग मोकळेपणाने मांडले गेले.

आप्पांच्या मुलाचे म्हणणे, भाऊने काही दिवस सुरतला निघून जावे. तिकडे नातेवाईक आहेत, प्रकरण थंड होईल. खानदेशातल्या माणसाला सुरत जवळची वाटते हे खरे, पण ठाण्यातून बोलावणे आल्यावर गाव सोडणे म्हणजे साध्या अर्जाला गंभीर रूप देणे. शिवाय मागे राहिलेल्या आप्पांवरचा दाब वाढला असता. हा पर्याय लवकर बाजूला पडला.

दुसरा पर्याय भाऊच्या स्वतःच्या मनात होता: फोन पूर्ण पुसून टाकायचा. मी याला सर्वांत जोरात विरोध केला. पोलीस मागत आहेत हे कळल्यानंतर पुरावा ठरू शकेल असा मजकूर नष्ट करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 241खाली स्वतंत्र गुन्हा होऊ शकतो. एका पोस्टपायी बोलावलेल्या माणसाने स्वतःच्या हाताने मोठा गुन्हा का ओढवून घ्यावा? संदेश ठरावीक काळाने आपोआप जाण्याची सोय आधीपासून रोजच्या सवयीने चालू ठेवणे वेगळे आणि बोलावणे आल्यावर घाईने पुसणे वेगळे. भाऊने ती सोय कधीच चालू केली नव्हती. चालकाचे महिनोन्‌महिन्यांचे संदेश फोनमध्ये जसेच्या तसे होते.

तिसरा मार्ग बहुतेक लोक धरतात तो: जायचे, फोन द्यायचा, पिन सांगायचा, “माझ्याकडे लपवण्यासारखे काही नाही” म्हणायचे. भाऊकडे स्वतःचे लपवण्यासारखे खरोखर काही नव्हते. पण फोन टेबलावर उघडा ठेवला की कोण किती मागे बोट फिरवेल यावर कोणाचे नियंत्रण राहत नाही. आणि नंतर कागदावर “स्वखुशीने मोबाइल हजर केला” असे लिहिले गेले की पुढे कोर्टात हरकत घेणे कठीण होते. संमती ही कायद्याच्या भाषेत फार जड गोष्ट आहे आणि आपले लोक ती खुर्चीवर बसण्याआधी देऊन टाकतात.

चौथा मार्ग होता हजर राहण्याचा, पण कागद मागण्याचा. त्यासाठी आधी कळायला हवे होते की गुन्हा दाखल आहे की नुसता अर्ज आहे.

सगळा निर्णय या एका प्रश्नावर उभा होता. ‘वाळूचोर’ म्हटल्याची तक्रार ही बदनामीची तक्रार, न्याय संहितेचे कलम 356. तो अदखलपात्र गुन्हा आहे. पोलीस तपासाची पद्धत ठरवणाऱ्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 174 प्रमाणे अदखलपात्र प्रकरणात दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. तपासच नाही तर तपासासाठी फोन कसा मागणार? त्याच संहितेच्या कलम 94 खाली ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला फोन हजर करण्याचा आदेश देता येतो, पण तो लेखी असावा लागतो आणि चालू तपास किंवा चौकशीसाठी असावा लागतो. जप्ती झालीच तर कलम 105 प्रमाणे त्या कारवाईचे दृकश्राव्य चित्रण करायचे आणि ते विलंब न लावता दंडाधिकाऱ्यांकडे पाठवायचे असते. तोंडी “मोबाइल सोबत आणा” यातल्या कशातच बसत नाही.

ग्रुपचा ॲडमिन म्हणून दुसऱ्यांच्या पोस्टची जबाबदारी येते का, हाही प्रश्न निघाला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये स्पष्ट केले आहे की समान हेतू किंवा पूर्वनियोजन दिसत नसेल तर सदस्याच्या मजकुरासाठी केवळ ॲडमिनला दोषी धरता येत नाही. इथे मात्र पोस्ट भाऊची स्वतःचीच होती, त्यामुळे या निकालाचा आधार फक्त इतरांच्या प्रतिक्रियांपुरता होता. हे त्याला स्पष्ट सांगितले. अर्धवट दिलासा देऊन माणसाला ठाण्यात पाठवू नये.

टॅपिंगचा संशय तपासताना

सिम बदलण्याआधी टॅपिंग कसे होते ते सर्वांना सांगितले. 1996 साली सर्वोच्च न्यायालयाने फोन टॅपिंगसाठी अटी घालून दिल्या. आज दूरसंचार अधिनियम 2023 आणि त्याखालचे 2024चे नियम लागू आहेत. नेहमीच्या परिस्थितीत आदेश केंद्राच्या किंवा राज्याच्या गृह सचिवांचा लागतो, तो 60 दिवस चालतो आणि मुदतवाढ धरून 180 दिवसांपलीकडे जात नाही. या व्यवस्थेवर देखरेख करणारी समितीही सरकारी अधिकाऱ्यांचीच आहे. ज्याचा फोन ऐकला त्याला ते कधीच कळवले जात नाही. ही माझ्या मते मोठी त्रुटी आहे, आणि 2017 साली नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणाला मूलभूत हक्क ठरवल्यानंतर तर ती अधिकच खटकते. म्हणून लोकांच्या भीतीला मी वेडगळ म्हणणार नाही.

पण व्हॉट्सॲपचे संदेश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कूटबद्ध असतात. लाइन ऐकून अर्जाचे वाक्य शब्दशः हाती लागणार नाही. ते लागले म्हणजे कोणीतरी अर्ज वाचला होता.

भाऊच्या व्हॉट्सॲपमध्ये ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ उघडले. एक विंडोज संगणक जोडलेला होता आणि त्या दिवशीही वापरात होता. भाऊच्या घरी संगणकच नाही. त्याला आठवायला वेळ लागला. अर्जाची प्रिंट काढायला तो स्टँडजवळच्या झेरॉक्स-ऑनलाइन सेंटरवर गेला होता, तिथे क्यूआर कोड स्कॅन करून फाइल उतरवली होती आणि लॉगआउट न करता निघाला होता. तेव्हापासून त्याचे सगळे संवाद त्या दुकानातल्या संगणकावर उघडे होते. चालकाचेही.

हे कळल्यावर खोलीत कोणी बोलेना. भाऊने तो संगणक तिथेच लॉगआउट केला. चालकाचा नंबर त्याने ‘बोअर दुरुस्ती’ नावाने ठेवला होता, आणि चालकही सावध माणूस, संदेशात स्वतःचे किंवा मालकाचे नाव कधी लिहीत नसे. त्यामुळे वाचणाऱ्याला धागा जोडता आला नसावा. नंतरच्या घडामोडींवरूनही तसेच दिसले.

मला या प्रकरणात सर्वांत महत्त्वाचे हेच वाटते. राज्य यंत्रणेच्या नजरेची भीती खरी आहे, पण त्या भीतीने लोक सिम बदलत होते आणि दहा रुपयांच्या प्रिंटसाठी उघडलेले दार तसेच उघडे होते. दोन्हींची काळजी घ्यावी लागते, आणि जवळचे दार आधी लावावे लागते.

प्रत्यक्षात काय केले

चौथा मार्ग ठरला. एका मुद्द्यावर मात्र वकिलांचे आणि माझे जुळले नाही. त्यांचे मत, फोन सोबत न्यावा पण लेखी आदेशाशिवाय देऊ नये. न नेणे म्हणजे टाळाटाळ दिसेल. माझे मत, फोन चालू स्थितीत, काहीही न पुसता घरी ठेवावा आणि तसे प्रामाणिकपणे सांगावे. ठाण्यातल्या खुर्चीत बसून “नाही” म्हणणे खेड्यातल्या तरुणाला किती जड जाते हे मी अनेकदा पाहिले आहे. खिशातला फोन टेबलावर यायला कडक आवाजातले एक वाक्य पुरते. भाऊनेच शेवटी घरी ठेवायचे ठरवले.

फोनवर बोटाचा ठसा बंद करून सहा अंकी पिन ठेवला. यामागे कायद्याचे कारण आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद 20(3) प्रमाणे आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही, आणि 2023 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने आरोपीवर पासवर्ड सांगण्याची सक्ती करता येत नाही असे म्हटले. ठशाबाबत मात्र 1961 पासून सर्वोच्च न्यायालयाची भूमिका अशी की ठसा देणे म्हणजे साक्ष देणे नव्हे. पिनबाबत सगळ्या उच्च न्यायालयांचा सूर एकच नाही, म्हणून हे संरक्षण पक्के आहे असे भाऊला सांगितले नाही. फोन बंद करून चालू केला की पहिल्यांदा ठसा चालतच नाही, पिनच लागतो, हेही त्याला दाखवून ठेवले.

सकाळी भाऊ वकिलांसह गेला. सोबत त्या पोस्टची छापील प्रत आणि एक अर्ज होता. अर्जात लिहिले होते: पोस्ट माझी आहे, ती मी नाकारत नाही, मजकूर जपून ठेवला आहे, आपण लेखी आदेश दिल्यास वकिलांसमक्ष फोन हजर करीन. अर्ज ठाणे अंमलदाराकडे देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोहोच घेतली.

हवालदार सुरुवातीला वैतागले. “बाकीचे लोक देतात, तुम्हालाच काय अडचण?” वकिलांनी शांतपणे विचारले, “साहेब, गुन्हा नोंद आहे का? क्रमांक मिळेल?” गुन्हा नव्हता. अर्ज होता. मग वातावरण बदलले. भाऊचा जबाब घेतला गेला. तो त्याने पूर्ण वाचून सही केली, आणि त्यात न बोललेले एक वाक्य आले होते ते दुरुस्त करून घेतले. हवालदारांबद्दल एक सांगायला हवे: ते कोणाच्या सांगण्यावरून वागत होते असे आम्हाला दिसले नाही. फोन मागितला की काम लवकर उरकते, म्हणून मागायची सवय पडलेली. सवयीला कागदाने अडवता येते.

त्यांनी आप्पांनाही ठाण्यात आणायला सांगितले. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 179 प्रमाणे साठीपुढच्या पुरुष साक्षीदाराला त्याच्या राहत्या जागेखेरीज इतरत्र हजर राहायला सांगता येत नाही, हे वकिलांनी लक्षात आणून दिले. आप्पांकडे कोणी आले नाही.

निष्पत्ती

दोन्ही बाजूंना समज देऊन अर्ज दप्तरी दाखल झाला. फोन भाऊकडेच राहिला. चालकाचे नाव बाहेर आले नाही आणि तो अजून त्याच गाडीवर आहे.

वाळूबाबत निकाल अर्धामुर्धा आहे. महसूल पथकाने दोन गाड्या पकडल्या आणि जमीन महसूल संहितेच्या कलम 48 खाली दंड झाला. काही आठवडे पात्र शांत होते. आता उपसा खालच्या अंगाला सरकला आहे, दुसऱ्या गावच्या हद्दीत.

आप्पा ग्रुपमधून बाहेर पडले. केबल त्यांनी स्वतःच्या पैशाने घातली. भाऊशी ते बोलतात, पण नदीचा विषय निघाला की उठून जातात. फोन वाचला याचा आनंद सांगताना आप्पांची ही किंमत झाकली जाऊ नये.

वेगळे काय करता आले असते

फोटोचा निर्णय पहिला. पुराव्यासाठी जीपीएसचा छाप हवा आणि माणसाच्या सुरक्षिततेसाठी तो नको, हा पेच खरा आहे. तो सुटला असता तो असा: मूळ फोटो छापासह एकाच ठिकाणी जपून ठेवायचा, बाहेर फिरणारी प्रत छाप कापून द्यायची, आणि उपशाची जागा शब्दांत लिहायची, अमुक पुलापासून खाली, अमुक घाटासमोर. किंवा फोटो सार्वजनिक पुलावरून काढायचा, जिथे कोणीही उभे राहू शकते. मूळ फाइल जपायची ती कोर्टासाठीही. साक्ष अधिनियमाच्या कलम 63 खालच्या प्रमाणपत्रात फाइलचे हॅश मूल्य, म्हणजे त्या फाइलवरून गणिताने काढलेली तिची ओळखखूण, द्यावे लागते, ग्रुपवरून फिरून आलेल्या प्रतीचे हॅश मूळ फाइलशी जुळत नाही.

तहसीलच्या अर्जातही एक ओळ हवी होती. माहिती अधिकार कायद्याच्या कलम 8(1)(छ) प्रमाणे, ज्या माहितीने कोणाच्या जिवाला धोका होईल किंवा विश्वासाने माहिती देणाऱ्याची ओळख उघड होईल, ती देण्याचे बंधन नाही. अर्जाच्या माथ्यावरच या कलमाखाली ओळख गुप्त ठेवण्याची विनंती लिहिली तर उद्या समोरच्याने माहिती अधिकारातून प्रत मागितल्यावर कार्यालयाला नकार देण्यासाठी आधार राहतो. आता आमच्या प्रत्येक अर्जात ती ओळ असते.

प्रिंटबद्दल सांगणे सोपे आहे: फाइल पेन ड्राइव्हवर न्यावी, किंवा नुसती तीच फाइल दुकानाच्या मेलवर पाठवावी. स्वतःचे व्हॉट्सॲप परक्या संगणकावर उघडू नये. भाऊने ग्रुपही बदलला आहे. मोठ्या ग्रुपवर आता फक्त ॲडमिन सूचना टाकतात, आणि माहितीचे बोलणे चार माणसांत, आठवड्याने आपोआप जाणाऱ्या संदेशांत होते. ‘चोर’ हा शब्दही गेला. गाडीचा क्रमांक, वेळ, जागा एवढेच लिहिले जाते, कारण आरोप सिद्ध करणे भाऊचे काम नाही आणि बदनामीचा अर्ज द्यायला तोच शब्द कारण ठरला होता.

आप्पांना विचारायला हवे होते. फोटो पुढे पाठवायचा का, कुठल्या स्वरूपात, त्यातून त्यांचे शेत ओळखू आले तर चालेल का. भाऊने त्यांचे नाव काढले आणि त्यांचे संरक्षण झाले असे मानले. धोका ज्याला आहे त्याच्याशी बोलल्याशिवाय तो कुठून येईल ते कळत नाही. आप्पा म्हणाले असते, माझ्या बांधावरून नको, पुढच्या वळणावरून काढतो.

चालकाचा प्रश्न सुटलेला नाही. वाळूचोरीचा खरा गुन्हा उद्या उभा राहिला तर त्याच्या साक्षीशिवाय तो टिकणार नाही, आणि साक्ष दिली की नोकरी तर जाईलच. 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने लागू केलेल्या साक्षीदार संरक्षण योजनेत जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे संरक्षण मागता येते. ओळख गुप्त ठेवण्याचीही त्यात तरतूद आहे. त्याचा अर्ज वकिलांनी तयार करून ठेवला आहे. सही करायची की नाही हे तो त्याच्या बायकोशी बोलून ठरवणार आहे, आणि तोपर्यंत आम्ही त्याला त्याबद्दल फोन करत नाही. काही सांगायचे असेल तर तो आठवडे बाजारात भेटतो.